विमा-एजंटाचा परवाना

विमा-एजंट दिंडीदरवाजांतून आंत येतांना दिसला कीं घरचा कर्ता पुरुष परसदारानें बाहेर पडतो, हा विनोद आपल्या मासिकांतून, नाटकांतून आणि पुढें बोलपटांतून इतक्या वेळां होऊन गेला आहे कीं, आतां त्यांत हंसण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं. सावकार, भिक्षुक, वकील यांच्याही नकला झाल्या. पण त्यांच्या धंद्यांचा इतिहास लिहिण्याजोगा आहे, असें निदान कोणास तरी वाटलें. विमा-एजंटाच्या वांट्यास नकलेपलीकडे फारसें कांहीं आलें नाहीं. वस्तुतः परक्याच्या घरांत शिरून, घरधन्याच्या मरणाची गोष्ट त्याच्याच तोंडावर काढून, वर त्याबद्दल पैसे मागणारा हा मनुष्य कोणाच्या अधिकारानें तेथें उभा असतो, हा प्रश्न क्षुल्लक खास नव्हे. तो अधिकार त्याला सरकारनें परवान्याच्या रूपानें दिला. तो कां दिला, देतांना त्याला काय विचारलें, काय विचारावयाचें राहिलें, आणि अखेरीस सरकारनें त्यांतून आपला हात कसा काढून घेतला, ही हकीकत येथें सांगण्याचा आमचा विचार आहे. हकीकत कायद्याची असल्यामुळें मधून मधून रूक्ष होईल. वाचकांनीं तेवढें सोसावें. कारण तिचे परिणाम कचेरींतील माणसांपेक्षां माजघरांतील माणसांनींच अधिक भोगले आहेत.

हिंदुस्थानांत आयुष्याच्या विम्याचा आरंभ १८१८ सालीं कलकत्त्यास निघालेल्या ओरिएंटल लाइफ इन्शुअरन्स कंपनीपासून धरतात. ती युरोपियनांनीं मुख्यतः युरोपियनांसाठीं काढलेली होती. पुढें एतद्देशीयांचे विमे घेतले जाऊं लागले, तरी नेटिवाचें आयुष्य साहेबाच्या आयुष्याहून कच्चें, असें समजून त्याच्याकडून जादा हप्ता घेण्याची वहिवाट होती. १८७० च्या सुमारास मुंबईंत बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली, तिनें देशी माणसाचें आयुष्य साध्या दरानें उतरून हा अपमान पहिल्यानें दूर केला. १८७४ सालीं मुंबईसच ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी कंपनी, १८९६ सालीं लाहोरास भारत कंपनी, आणि वंगभंगाच्या चळवळीनें स्वदेशीचें वारें सुटल्यावर १९०६ सालीं मद्रासेंत युनायटेड इंडिया व कलकत्त्यास नॅशनल, अशा कंपन्या निघत गेल्या. १९०७ मधील हिंदुस्थान को-ऑपरेटिव्ह ही तर जोडासांको येथील ठाकुरांच्या वाड्यांतील एका खोलींत जन्मास आली. आपल्याकडे साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनीं १९१३ सालीं वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुअरन्स कंपनी काढली. रेल्वेच्या मुख्य रस्त्यापासून दूर असलेल्या एका जिल्ह्याच्या गांवीं बसून साऱ्या देशाचा विमा उतरण्याची ही उमेद त्या काळच्या मानानें मोठी होती.

कंपन्या निघाल्या, परंतु विमा ही वस्तु दुकानांत मांडून विकतां येणारी नाहीं. साखर संपली म्हणजे गिऱ्हाईक आपण होऊन वाण्याकडे जातें. मृत्यूची आठवण होऊन आपल्या पायांनीं विमा-कंपनीकडे जाणारा मनुष्य विरळा. त्यामुळें एजंट हवा. हा एजंट बहुधा शाळामास्तर, वकिलाचा कारकून किंवा पेन्शनर असे. स्वदेशीच्या दिवसांत विमा विकणें हें थोडेंफार देशकार्यही वाटे. परदेशी कंपनीकडे जाणारा हप्ता देशांत ठेवा, हें वाक्य व्याख्यानांतून एजंटाच्या तोंडीं सहज आलें. त्याच्या वाटेंतील खरी धोंड परदेशी कंपनी नसून एकत्र कुटुंब ही होती. “आमचे भाऊ आहेत, पुतणे आहेत, आमच्या मागें बायकामुलें उघडीं पडतील काय?” असा प्रश्न आला कीं एजंट निरुत्तर होई. या प्रश्नाला उत्तर होतें आणि तें कायद्याच्या पुस्तकांत छापलेलेंही होतें. पण तें बहुतेक एजंटांस ठाऊक नव्हतें. त्यांस तें ठाऊक आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें कामही कोणाचें नव्हतें.

विम्यासंबंधीं पहिला खास कायदा १९१२ सालीं झाला. त्यानें कंपन्यांच्या हप्त्यांचीं कोष्टकें आणि ठराविक मुदतीनें होणारी मालमत्तेची व देण्याची मोजदाद विमागणितज्ञाकडून तपासून घेण्याची सक्ती केली. १९२८ च्या कायद्यानें सरकारनें विमाधंद्याची आंकडेवार माहिती मागविण्यास सुरुवात केली. दोन्ही कायद्यांची दृष्टि कंपनीच्या वह्यांवर होती. ओसरीवर बसून अर्ज भरून घेणाऱ्या माणसावर ती गेली नाहीं.

येथें आमच्या घरची एक गोष्ट सांगणें भाग आहे. आमच्या आजीच्या थोरल्या जाऊबाईंस आम्ही सर्व मुलें मोठी आजी म्हणत असूं. तिचे यजमान सातारा जिल्ह्यांत एका कचेरींत कारकून होते. त्यांनीं आपल्या पगारांतून हप्ते भरून हजार रुपयांचा विमा उतरविला होता, आणि उतरवितांना त्यांचा हेतु अगदीं स्पष्ट होता: आपल्या मागें बायकोच्या हातीं स्वतःचे म्हणून कांहीं पैसे असावेत. १९३४ सालीं ते वारले. मुलगा चार वर्षांचा. त्या काळच्या हिंदु कायद्याप्रमाणें मुलगा असतां विधवेला नवऱ्याच्या स्वतंत्र मिळकतींतही वांटा नसे. तिला अन्नवस्त्राचा हक्क तेवढा असे. सबब विम्याची रक्कम अज्ञान मुलाची ठरली, आणि मुलाच्या वतीनें सह्या करण्यास थोरले दीर पुढें आले. त्यांनीं ती खाऊन टाकली, असें आम्ही म्हणत नाहीं. घराचें छप्पर बदललें, एका नणंदेचें लग्न झालें, जुनें कर्ज फिटलें. मुलगा मोठा होईपर्यंत हजार रुपये घरांत मुरून गेले होते. मोठ्या आजीनें त्या पैशांतील एक रुपयाही हातांत धरला नाहीं. पुढें पन्नास वर्षें तिला देवळांत दक्षिणा टाकावयाची झाली तरी कोणापाशीं तरी मागावी लागे.

हें टळण्यास काय हवें होतें? अर्जावर एक ओळ आणि एक सही. विवाहित स्त्रियांच्या मिळकतीचा १८७४ चा कायदा आहे, त्याच्या सहाव्या कलमांत असें म्हटलें आहे कीं, पुरुषानें स्वतःच्या आयुष्यावर काढलेली पॉलिसी बायकोच्या किंवा मुलांच्या हितासाठीं आहे असें तिच्यावर नमूद असेल, तर ती त्यांच्यासाठीं ठेवलेली विश्वस्त ठेव समजावी. ती नवऱ्याच्या मिळकतींत धरूं नये, आणि त्याच्या सावकारांनाही तिच्यावर हात टाकतां येऊं नये. हें कलम हिंदूंस लागू आहे कीं नाहीं याबद्दल आरंभीं वाद होता. १९२३ च्या दुरुस्तीनें तो मिटला, आणि १ एप्रिल १९२३ नंतर हिंदु गृहस्थानें काढलेल्या पॉलिसीस तें निःसंशय लागू झालें. (मद्रास इलाख्यास ही सवलत त्याच्या आधींच मिळाली होती.) आमच्या आजोबांची पॉलिसी १९२३ नंतरची होती. ती ओळ अर्जावर घातली असती, तर भावांच्या एकत्र कुटुंबांतील त्या घरांत एवढी एकच वस्तु मोठ्या आजीची स्वतःची झाली असती. ‘भाऊ आहेत, पुतणे आहेत’ या प्रश्नाचें उत्तर तें हेंच.

ज्या एजंटानें हा अर्ज भरला, तो लबाड नव्हता. तेराव्याच्या दिवशीं येऊन तो ओसरीवर रडल्याचें आजी सांगे. कंपनीचा पैसा वेळेवर मिळावा म्हणून त्यानें खेपाही घातल्या. त्याला त्या कायद्याची माहिती नव्हती, इतकेंच.

आतां परवान्याकडे वळूं. १९३० नंतर विमा-कंपन्यांत चढाओढ फार वाढली आणि तिच्यांतून रिबेटचा रोग फैलावला. रिबेट म्हणजे एजंटानें आपल्या कमिशनांतला हिस्सा गिऱ्हाइकास परत करणें. वरवर पाहतां यांत कोणाचें काय गेलें, असें वाटतें. पण हिशेब करून पाहावा. वार्षिक हप्ता शंभर रुपये, पहिल्या वर्षाचें कमिशन चाळीस. त्यांतले वीस एजंटानें गिऱ्हाइकास दिले. गिऱ्हाईक खूष. दुसऱ्या वर्षीं दुसऱ्या कंपनीचा एजंट पंचवीस देऊं करतो. गिऱ्हाईक पहिली पॉलिसी सोडून देतें आणि दुसरी घेतें. पहिल्या कंपनीचें कमिशन, डॉक्टरची फी, स्टँप, कचेरीचा खर्च सारें पाण्यांत गेलें, आणि तें भरून निघालें मुकाट्यानें वर्षानुवर्षें हप्ते भरणाऱ्यांच्या बोनसांतून. शिवाय जो मनुष्य दरसाल कंपनी बदलीत राहतो, तो मध्येंच मेला तर त्याच्या पाठीशीं कोणतीच पॉलिसी नसण्याचा संभव असतो.

या व अशाच इतर गोष्टींना आळा घालण्यासाठीं व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळांतील कायदेमंत्री सर नृपेंद्रनाथ सरकार यांनीं १९३७ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळापुढें बिल आणलें. त्यांतून १९३८ चा चौथा कायदा, म्हणजे विम्याचा मुख्य कायदा, निघाला आणि तो १ जुलै १९३९ पासून अमलांत आला. त्याच्या ४० व्या कलमानें कमिशनास प्रथमच मर्यादा घातली. आयुर्विम्यांत पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर शेंकडा ४० आणि पुढील हप्त्यांवर शेंकडा ५ हून अधिक देऊं नये. पहिल्या दहा वर्षांतील नव्या कंपन्यांस मात्र अनुक्रमें ५५ व ६ पर्यंत मोकळीक. ४१ व्या कलमानें रिबेट देणें आणि घेणें हे दोन्ही गुन्हे ठरविले. आणि ४२ व्या कलमानें परवाना निर्माण केला.

हा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. कमिशन कोणासही देतां येत असेल, तर तें गिऱ्हाइकाच्या मेहुण्याला देतां येईल, गिऱ्हाइकाच्या मुनिमाला देतां येईल, आणि रिबेटबंदीचें कलम नुसतें छापील राहील. म्हणून कमिशन घेण्यास पात्र असलेल्या माणसांभोंवतीं एक कुंपण घालणें जरूर होतें. परवाना म्हणजे तें कुंपण. त्याचा हेतु कमिशन कोणाच्या खिशांत जातें यावर नजर ठेवण्याचा होता. एजंटाला विम्यांतलें काय कळतें, हा प्रश्न त्याच्या जन्माच्या वेळीं कोणीं गंभीरपणें विचारलेला दिसत नाहीं. कलमांतील अपात्रतेच्या अटी पाहिल्या म्हणजे याची खात्री पटते. अर्जदार अज्ञान नसावा. कोर्टानें त्याला वेडा ठरविलेला नसावा. अफरातफर, विश्वासघात, फसवणूक, बनावट दस्तऐवज यांसारख्या गुन्ह्यांबद्दल त्याला शिक्षा झालेली नसावी. आणि विमेदाराशीं किंवा कंपनीशीं लबाडी केल्याचें कोर्टांत शाबीत झालेलें नसावें. चारही अटी नकाराच्या. यांत न सांपडणाऱ्या कोणाही मनुष्यानें अर्ज करावा, अल्पशी फी भरावी आणि सुपरिंटेंडेंट ऑफ इन्शुअरन्स यांच्या नांवचा परवाना घ्यावा. अर्जदाराला लिहितां वाचतां येतें कीं नाहीं, हेंही या कलमानें विचारलेलें नाहीं.

मोठ्या आजीच्या ओसरीवर रडलेल्या त्या सज्जन गृहस्थास हा परवाना अर्थातच मिळाला. तो अज्ञान नव्हता, वेडा नव्हता, चोर नव्हता. आजी सांगे कीं, परवाना आल्यावर त्यानें तो मोठ्या अभिमानानें सर्वांस दाखविला, आणि आतां आपण सरकारमान्य झालों, असें तो म्हणे.

१९३८ च्या कायद्यास नांवें ठेवावीं असा आमचा हेतु नाहीं. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमानें विमेदारास आपल्या मागें रक्कम घेणाराचें नांव पॉलिसींत लिहून ठेवण्याची सोय करून दिली; ४५ व्या कलमानें, दोन वर्षें उलटल्यावर क्षुल्लक चुकीवरून पॉलिसी नाकारण्यास कंपन्यांस बंदी केली; आणि ४४ व्या कलमानें दीर्घकाळ काम केलेल्या एजंटाचें पुढील हप्त्यांवरील कमिशन त्यानें काम सोडल्यावरही चालू राहील अशी तरतूद केली. पुढें तें एजंटाच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांसही मिळूं लागलें. पुष्कळ एजंटांच्या विधवांचा चरितार्थ त्या शेंकडा पांचावर चालला. विकणारानें दुसऱ्यासाठीं केलेली तरतूद त्याच्याच घरीं अशी फिरून आली, यांत एक प्रकारचा न्याय होता. त्याच सुमारास, १९३७ सालीं, मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या खटपटीनें हिंदु विधवेस नवऱ्याच्या मिळकतींत मुलाइतका वांटा देणारा कायदाही झाला. मोठ्या आजीस या दोन्हींचा उपयोग नव्हता. तिची गोष्ट तीन वर्षांपूर्वींच संपली होती.

रिबेट मात्र गेलें नाहीं. रिबेट घेतल्याबद्दल शिक्षा झालेला गृहस्थ आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. रिबेट घेतलेले मात्र एका पंगतीस पुरून उरतील इतके भेटले. शिवाय ४१ व्या कलमासच एक खिडकी होती. खऱ्याखुऱ्या एजंटानें स्वतःच्या आयुष्यावर पॉलिसी काढून तिचें कमिशन घेतलें, तर तें रिबेट समजूं नये, अशी सूट होती. एजंटावर अन्याय होऊं नये म्हणून ती ठेवलेली. पण तिचा अर्थ आपल्या व्यवहारी लोकांनीं निराळाच लावला, आणि केवळ स्वतःच्या पॉलिसीचें कमिशन घरांत यावें म्हणून परवाना काढणारे निघाले. दुसरा प्रकार बायकोच्या नांवानें परवाना काढण्याचा. सरकारी नोकराला असा धंदा करण्याची मोकळीक नसे. तेव्हां धंदा यजमानांनीं करावयाचा आणि परवान्यावर सही सौभाग्यवतींची. मध्यमवर्गांत हा प्रकार इतका रूढ झाला कीं, त्यांत कांहीं गैर आहे असें कोणास वाटेनासें झालें. ज्या कागदानें माणूस ओळखावयाचा, तो कागद एकाचा आणि दारांत उभा राहणारा दुसराच.

१९५० सालीं कायद्यांत मोठी दुरुस्ती होऊन पहिल्या वर्षाच्या कमिशनाची साधारण मर्यादा शेंकडा ३५ वर आली. त्यानंतर सहा वर्षांत सारा धंदाच बदलला. १९ जानेवारी १९५६ रोजीं अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं रेडिओवरून आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण जाहीर केलें, आणि १ सप्टेंबर रोजीं २४५ देशी-परदेशी कंपन्या व संस्था मिळून आयुर्विमा महामंडळ झालें. महामंडळ उभें राहिलें तेव्हां देशमुख अर्थमंत्री नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनीं त्याआधींच राजीनामा दिला होता. साताऱ्याची वेस्टर्न इंडियाही महामंडळांत विलीन झाली. चढाओढ संपली, मालक एक झाला. एजंट मात्र राहिला, आणि त्याचा १९३८ चा परवानाही राहिला. विमा सरकारचा झाल्यावर तरी एजंटाच्या ज्ञानाची परीक्षा कायद्यानें घ्यावी, असें वाटावयास हवें होतें. तें झालें नाहीं.

एजंट कोणाचा, या प्रश्नाचा निकाल न्यायालयांनीं दिला, तो सामान्य विमेदारास चक्रावून टाकणारा आहे. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या एका प्रकरणांत विमेदारानें सहामाही हप्त्याचा बेअरर चेक एजंटाच्या हातीं दिला होता. एजंटानें तो वटविला. पण महामंडळाकडे भरणा केला तो विमेदार अपघातांत मरण पावल्याच्या दुसऱ्या दिवशीं. न्यायालयानें ठरविलें कीं, १९७२ च्या नियमांप्रमाणें एजंटास महामंडळाच्या वतीनें पैसे घेण्याचा अधिकारच नाहीं. सबब त्याच्या हातीं दिलेला हप्ता महामंडळास पोंचला असें होत नाहीं, आणि पॉलिसी बुडाली ती बुडाली. पुढें दोनच वर्षांनीं, १९९९ मध्यें, दुसरें प्रकरण आलें. तेथें नोकराच्या पगारांतून हप्ता कापून घेणाऱ्या मालकानें तो वेळेवर पाठविला नव्हता. न्यायालयानें म्हटलें कीं, पगारांतून हप्ता कापण्याच्या योजनेंत मालक हा महामंडळाचाच एजंट. नोकराच्या विधवेस रक्कम दिली पाहिजे. दोन्ही निकाल आपापल्या जागीं कायद्यास धरून असतील. परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीनें पाहिलें, तर सरकारी परवाना खिशांत असलेला एजंट पैशापुरता एजंट नव्हे, आणि परवाना कधीं डोळ्यांनीं न पाहिलेला मालक मात्र एजंट! हप्ता कोणाच्या हातीं द्यावा, एवढी गोष्ट तरी गिऱ्हाइकास सांगितली पाहिजे, हें एजंटास शिकविणारें कोणी असतें तर पहिलें प्रकरण उद्भवलें नसतें, असें आम्हांस वाटतें.

शिकविण्याचा विचार आला तो खासगी कंपन्यांबरोबर. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर र. ना. मल्होत्रा यांच्या समितीनें १९९४ सालीं अहवाल दिला. १९९९ सालीं विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला. आणि २००० सालीं प्राधिकरणानें एजंटांच्या परवान्याचे नवे नियम काढले. १९३८ पासून बासष्ट वर्षांनीं एजंटास पहिला होकारार्थी प्रश्न विचारला गेला: तुला काय येतें? पांच हजार वा अधिक वस्तीच्या गांवीं बारावी, त्याहून लहान गांवीं दहावी. शंभर तासांचें शिक्षण. नंतर परीक्षा, आणि ती घेण्याचें काम मुंबईच्या इन्शुअरन्स इन्स्टिट्यूटकडे. अडीचशें रुपये फी, तीन वर्षांची मुदत, मुदत संपतांना पुन्हां पंचवीस तासांचें शिक्षण. आचारनियमांत तर अशीही अट घातली कीं, गिऱ्हाइकानें विचारल्यास एजंटानें आपलें कमिशन किती तें सांगितलें पाहिजे. आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. विचारतो तो रिबेटच्या आशेनें.

शंभर तास फार काळ टिकले नाहींत. एजंट मिळेनात, अशी ओरड होऊन २००७ सालीं ते पन्नासांवर आले. २०१५ च्या दुरुस्तीनें तर ४२ व्या कलमाचा परवानाच गेला. आतां एजंटाची नेमणूक कंपनी करते. सरकारचा कागद नाहीं, कंपनीचें नेमणूकपत्र. २०१६ च्या नियमांनीं दहावी उत्तीर्ण, पंचवीस तासांचें शिक्षण आणि पन्नास प्रश्नांची तासाभराची परीक्षा ठेवली. ती मराठींतूनही देतां येते, आणि शेंकडा ३५ गुणांस मनुष्य उत्तीर्ण होतो. परवाना काढून टाकल्याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. ज्याची चूक त्यानें निस्तरावी, हें तत्त्व कंपनीच्या नेमणुकींत अधिक सरळ आहे. पण एजंटांची संख्या वाढण्यावर ज्या कंपनीचा धंदा वाढतो, तिच्याच हातीं एजंटाच्या लायकीचा निवाडा सोंपविणें, हें आम्हांस तितकेंसें रुचत नाहीं. आणि शंभरांचे पंचवीस तास करतांना जे पंचाहत्तर तास गेले, त्यांत काय शिकविलें जाणार होतें, तें आम्हांस आमच्या घरच्या अनुभवानें चांगलें ठाऊक आहे.

विशेषतः कायदा मध्यंतरीं स्थिर उभा राहिलेला नसतां हें व्हावें, याचें नवल वाटतें. १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, पॉलिसींत ज्याचें नांव लिहिलें आहे तो नुसता रक्कम घेणारा हात. रकमेचे खरे मालक कायदेशीर वारस. बायकोचें नांव लिहिलें म्हणजे पैसा बायकोचा झाला, अशी समजूत असलेल्या हजारों घरांना हा धक्का होता. २०१५ च्या दुरुस्तीनें ती स्थिति फिरविली. आतां आईबाप, पति किंवा पत्नी आणि मुलें यांपैकीं कोणाचें नांव लिहिलें असेल, तर ती रक्कम त्याच्या हक्काची. त्याच दुरुस्तीनें पॉलिसीबद्दल शंका काढण्याची मुदत दोनाची तीन वर्षें झाली, आणि तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणानें शंका काढतां येणार नाहीं, असें ठरलें. १८७४ चा कायदा या साऱ्यांतून तसाच चालत आला आहे; सावकारांपासून संरक्षण हवें असेल तर आजही त्याच्यावांचून भागत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका बाईंचा परवाना असाच यजमानांच्या सोयीसाठीं काढलेला होता. वीसएक वर्षें त्यांनीं सह्यांपलीकडे कांहीं केलें नाहीं. नवे नियम आल्यावर परवान्याची मुदत संपली, आणि पंचवीस तासांच्या वर्गांत स्वतः जाऊन बसण्याची वेळ आली. यजमानांस तेथें बसून चालण्यासारखें नव्हतें. बाई गेल्या, वही घेऊन बसल्या, आणि परत आल्या त्या धंदा आपल्या हातीं घेऊनच. आतां त्यांचें वय सत्तरीच्या घरांत आहे. परवान्याच्या जागीं कंपनीचें पत्र आलें, त्याचें त्यांना सुखदुःख नाहीं. एकदां मोठ्या आजीची गोष्ट आम्हीं त्यांस सांगितली. त्यांनीं ती मान हलवीत ऐकली आणि म्हणाल्या, “मी प्रत्येकाला विचारते हो. बायकोच्या नांवानें त्या कायद्याखालीं करायची का? तर म्हणतात, करूं, मागाहून बघूं. मग मला सांगावं लागतं, अहो, तें अर्ज भरतांनाच करावं लागतं, मागाहून होत नाहीं.”